भुरी पाण्यातून उठत नाही

"गणबानं भुरीला भर बाजारात पारखून घेतली," मी म्हटलं. "दात बघितले, पाय बघितले, दोन पावलं चालवून बघितली, मगच सौदा केला."

कमलताई ठाकऱ्यांचा चिवड्याचा घास तोंडाशीच थांबला.

"दात बघितले?"

"बघितले न. आणि घरी आणल्या दिवसापासून गणबाचं सगळं घर तिच्या जिवावर चालायला लागलं. तो मात्र तिच्याशी कधी गोड बोलला नाही."

"बाई वो," कमलताई म्हणाल्या आणि घास परत बशीत ठेवला.

दातांच्या विषयावर पहिला हक्क डॉक्टर काळमेघांचा, कारण गावात दातांचे डॉक्टर ते एकटेच. त्यांनी डोळे बारीक केले. "दात बघणे," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे जित्या जीवाची वस्तू करून टाकणे. फार मोठं प्रतीक आहे हे."

लुंगे वकिलांना प्रतीकं सोसत नसत. त्यांनी विचारलं, "घटना कोणत्या सालातली?"

"पुस्तकात साल दिलं नाही जी."

"चांगला लेखक साल देतच नाही," डॉक्टर म्हणाले.

भुरी म्हैस होती. हे मी मंडळाला सांगितलं नव्हतं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. पुस्तक लहान मुलांचं होतं, मोठ्या अक्षरांतलं, पानोपानी चित्रं असलेलं, आणि आम्ही बसलो होतो त्याच खोलीत भिंतीला लागून असलेल्या कपाटात ते पडलं होतं. हेही कुणी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट तीसेक वर्षांमागची, आमच्या मोहगावची. मोहगाव म्हणजे संत्र्याचं गाव. सीझनमध्ये गावात शिरलं की नाकाला संत्र्याचा वास आणि कानाला पेट्या ठोकल्याचा आवाज. माझे बाबा त्या पेट्या ठोकायचे. घरात पुस्तक म्हणायला एक पंचांग होतं आणि तेही दुकानदारानं फुकट दिलेलं. पेट्यांच्या आवाजात मला अभ्यास होत नाही म्हणून आई शाळेतून आल्यावर मला वाचनालयात पाठवायची. तिथं ते मुलांचं कपाट होतं. त्याला वर्गणी नव्हती, कुलूप नव्हतं, दाराची एक फळीही नव्हती. मी त्याच कपाटाशी मांडी घालून मोठी झाले. पुढं वीज मंडळाच्या कचेरीत चिकटले, हातात पगार आला, आणि मला वाचक मंडळात घेतलं. तरुण रक्त पाहिजे, असं सरांचं म्हणणं होतं.

सर म्हणजे धर्माळे सर. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष आणि वाचक मंडळाचेही अध्यक्ष. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की दंड. पुस्तक उघडं पालथं घातलं की दंड. एकदा कमलताईंनी पुस्तकात खूण म्हणून हळदीकुंकवाचं आमंत्रण ठेवलं, तर सरांनी ते आमंत्रण जप्त केलं आणि ताई भलत्याच घरी जाऊन बसल्या. मंडळ नावालाच मंडळ होतं. नेमानं येणारे आम्ही एवढेच: सर, वकील, डॉक्टर, कमलताई आणि मी. वाचनालयाची समितीही हीच माणसं. त्यामुळे समितीनं काय ठरवलं ते मंडळाला लगेच कळायचं.

मंडळात महिन्याच्या एका रविवारी एकानं आपल्या आवडीच्या पुस्तकाबद्दल बोलायचं. आणि त्याला सरांनी घालून दिलेला एक नियम होता: नाव शेवटी. आधी लेखकाचं नाव सांगितलं की माणसं पुस्तक ऐकत नाहीत, नावाला माना डोलवत बसतात, असा सरांचा अनुभव. एकदा वकिलांनी एका कादंबरीची तोंड भरून तारीफ केली होती आणि मग कळलं की त्यांनी वाचली होती ती दुसरीच. त्या दिवसापासून हा नियम. बोलणाऱ्यानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी हवं तेवढं भांडायचं, मग हात वर करून "घ्यावं" की "नको" ते ठरवायचं, आणि त्यानंतर पुस्तकाचं नाव फोडायचं. घ्यावं ठरलेल्या पुस्तकावर 'मंडळमान्य' असा जांभळा शिक्का बसायचा, आणि शिक्का बसलेलं पुस्तक वाचनालयातून कधीही काढता येत नसे. हाही नियम सरांचाच.

त्या रविवारी माझी पाळी होती. आणि माझं बोलणं झालं की सर एक ठराव मांडणार होते. मुलांचं कपाट काढायचं, त्यातली पुस्तकं सोमवारी रद्दीवाल्याला द्यायची, मोकळ्या जागेत मंडळासाठी गोल टेबल आणायचं. मुलांना यायचं असेल तर त्यांनी दहावी होऊन यावं. कारणंही खोटी नव्हती. पुस्तकांची पानं संत्र्याच्या रसानं एकमेकांना चिकटली होती, अधूनमधून वाळलेल्या साली निघायच्या, आणि दुपारी चारला पोरांचा जो कालवा सुरू व्हायचा तो खालच्या किराणा दुकानात ऐकू जायचा.

मी आठवडाभर आधी सरांच्या घरी जाऊन रदबदली करून पाहिली होती. सर माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "हा भावनेचा प्रश्न नाही रजनी. जागेचा प्रश्न आहे."

माझा त्या कपाटावर फार जीव होता. माझ्यानंतरही गावात पेट्या ठोकणाऱ्यांची, बागेत तोडणीला जाणाऱ्यांची पोरं होतीच, आणि त्यांनाही दुपारी चारला दुसरीकडं कुठं जायला जागा नव्हती. पण रडून काही होणार नव्हतं. माझ्याशिवाय मत देणारे चारही जण ठरावाच्या बाजूनं होते. म्हणून मी ठरवलं, रविवारी बोलायचं ते भुरीवरच.

"पुढं सांग," कमलताई म्हणाल्या. "लेकरंबाळं झाली का तिला?"

"झाली. पहिली दोन गणबानं विकली."

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. मग वकील म्हणाले, "हा सरळसरळ फौजदारी गुन्हा आहे. गावात पोलीस पाटील नव्हता काय?"

"होता न. एक त्यानंच घेतलं."

"पाहा," वकील डॉक्टरांकडं वळून म्हणाले. "यंत्रणा अशी असते."

कमलताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडू लवकर यायचं हे खरं, पण त्या दिवशी त्या चिवडा बाजूला ठेवून रडत होत्या, आणि चिवडा त्यांनी स्वतः केलेला होता. मला थोडं वाईट वाटलं. पण आता मागं फिरता येत नव्हतं.

"दुसरं लेकरू नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी," मी म्हटलं, "भुरी सकाळी गावच्या तळ्यावर गेली. रोज जायची तशीच गेली. पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत आत जाऊन बसली. आणि उठलीच नाही."

"जीव दिला?" कमलताई.

"नाही. नुसती बसली. दुपार झाली तरी बसलेली. गणबा आला, हाका मारल्या, शिव्या घातल्या, मग गोंजारून बोलला. त्याच्या बायकोनं तिच्या आवडीचं खायला आणून काठावर ठेवलं."

"थांबा," वकील म्हणाले. "त्याची बायको वेगळी? मग ही कोण?"

"बायको वेगळी," मी म्हटलं. "भुरी वेगळी. पण भुरीला विकत आणलं ते बायकोच्याच सांगण्यावरून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं."

"अशी घरं असतात," कमलताई एकदम म्हणाल्या, आणि कोणती ते काही सांगेनात.

"दिसायला कशी आहे ही भुरी?" डॉक्टरांनी विचारलं. "लेखक वर्णन करतो का?"

"करतो. धिप्पाड, काळीसावळी, डोळे मोठे. चालली की लोक वाट सोडायचे."

"आणि दिवसभर पाण्यात? तब्येत बिघडत नाही?"

"तिला सवय होती."

डॉक्टरांनी मान हलवली. सवय हेसुद्धा त्यांना प्रतीक वाटलं असणार.

मी चोरून सरांकडं पाहिलं. सर डोळे मिटून बसले होते. हा माणूस एरवी मला तीन वाक्यं धड बोलू द्यायचा नाही. कुठं उच्चार सुधार, कुठं 'विषयाला धरून' म्हण. त्या दिवशी अवाक्षर नाही. झोपले असतील तर बरंच, असं मनात येऊन गेलं.

"मग सगळं गाव काठावर जमलं," मी पुढं चालू ठेवलं. "पोलीस पाटील आला, त्यानं हुकूम सोडला. मांत्रिक आला, त्यानं लिंबू फेकलं. लग्नाचे वाजंत्री आणले, त्यांनी तळ्याच्या चारी बाजूंनी वाजवलं. भुरी आपली कान हलवत ऐकत राहिली."

कान हलवत हे तोंडातून निसटलं. पण कुणी पकडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "हे अहिंसक असहकाराचं चित्र आहे." वकील म्हणाले, असहकाराला निदान मागण्या तरी असाव्या लागतात, हिच्या मागण्या काय? डॉक्टर म्हणाले, मागणी नसणं हीच मागणी. वकील म्हणाले, असं कोर्टात चालत नाही. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच ती कोर्टात न जाता तळ्यात गेली. दोघांचे आवाज इतके चढले की खालच्या किराणावाल्यानं वर मान करून पाहिलं.

"तुम्ही दोघं जरा गप बसा," कमलताई म्हणाल्या. ह्या बाईनं मंडळात आजवर कुणाला गप बसा म्हटलं नव्हतं. "त्या बाईच्या सोबतीला कुणी होतं का नाही, ते सांग रजनी."

"होता एक जण," मी म्हटलं. "नेहमी पांढऱ्यात असायचा. बारीक अंगाचा, लांब मानेचा. बोलायचा नाही. ती जिथं जाईल तिथं मागं मागं जायचा. तळ्यातही तिच्याजवळच होता. सगळं गाव ऊठ ऊठ करत होतं, पण ह्यानं तिला एकदाही ऊठ म्हटलं नाही."

"नातं काय?" वकिलांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे प्रकरण तसलं आहे."

"तसलं काही नाही," कमलताई ठसक्यात म्हणाल्या. "तुम्हाला कळायचं नाही ते." मग त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. "लग्नाला माझ्या किती वर्षं झाली, मोजायचीही सोडली मी. सासू गेली, दीर वेगळे झाले, बागेचा वाद झाला, पोरी सासरी गेल्या. मी एकदा तरी बसली का अशी पाण्यात जाऊन? एक दिवस तरी?"

मी इतका वेळ आतल्या आत हसत होते, ते हसू गेलं. म्हशीची गोष्ट म्हशीचीच होती, पण ती ह्या बाईला जिथं लागायची तिथं बरोबर लागली होती.

मी शेवटाकडं आले. संध्याकाळ होते, गाव कंटाळून घरी जातं, वाजंत्री आपले पैसे मागत निघून जातात. काठावर एकटा गणबा उरतो. तो बराच वेळ उभा राहतो. मग धोतर वर खोचतो, पाण्यात उतरतो आणि भुरीच्या शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन बसतो. काही बोलत नाही. अंधार पडायला लागतो. मग आधी ती उठते, मागून तो उठतो, आणि दोघं ओल्या अंगानं घरी जातात.

"संपलं," मी म्हटलं.

"घ्यावं," कमलताईंचा हात सगळ्यात आधी वर गेला. डॉक्टरांचा त्यांच्यामागून. वकिलांनी थोडा भाव खाल्ला, पण तेही म्हणाले, "कायद्याचे दोष आहेत, पण पुस्तक दमदार आहे. घ्यावं."

सरांनी डोळे उघडले. झोपलेले नव्हते.

"शेवट पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले. मंडळात ते आम्हा सगळ्यांना अहोजाहो करत, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मलासुद्धा.

मी पुन्हा सांगितला.

"गणबा पाण्यात उतरतो?"

"हो सर."

"हं," सर म्हणाले. आणि त्यांनी हात वर केला.

"आता नाव फोडा," वकील म्हणाले.

मी उठले, कपाटाशी गेले, खालच्या कप्प्यात हात घातला आणि पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. कव्हरवर निळं तळं, तळ्यात गळ्यापर्यंत बुडालेली एक काळी म्हैस, तिच्या डोक्यावर एक बगळा. वर मोठ्या लाल अक्षरांत 'भुरी म्हैस', आणि कोपऱ्यात 'वय सहा ते दहा'.

वकिलांनी कोपऱ्यातलं वय वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग कमलताई वाकून चित्राकडं बघत म्हणाल्या, "म्हैस?"

"म्हैस, ताई."

"मी म्हशीसाठी रडली?"

"पांढऱ्यातला तो बगळा होय," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांना बगळ्याचं जास्त लागलेलं दिसलं.

वकील मात्र ताडकन उभे राहिले. ही मंडळाची दिशाभूल आहे, असं ते म्हणाले. एका जबाबदार संस्थेला म्हशीवर चर्चा करायला लावली. मी म्हटलं, मी नियम पाळला. नाव शेवटी. मधे कुणी विचारलं असतं की ही बाई आहे की म्हैस, तर मी खरं सांगितलं असतं.

"असं कोण विचारेल?" वकील म्हणाले.

"तेच तर," मी म्हटलं.

आणि आता शिक्का बसणार, कपाटातल्या एका पुस्तकावर का होईना पण बसणार, अशा आनंदात मी होते. तेवढ्यात वकिलांनी पुस्तक ओढून घेतलं. माणूस रागात होता, पण वकील होता. त्यांनी ते मागून उघडलं.

"शेवटचं पान कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तकाकडं हात पुढं केला, पण वकिलांनी ते सोडलं नाही.

"पान नाही यात," वकिलांनी पुस्तक सगळ्यांना फिरवून दाखवलं. "गणबा काठावर दोर घेऊन उभा आहे, इथं पुस्तक खलास. मग तो पाण्यात उतरला हे तुम्ही कुठून आणलं?"

मला खरं सांगावं लागलं. मी तिसरीत ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हाही ते पान नव्हतं. माझ्या आधीच्यांनी वाचलं तेव्हाही नव्हतं. गावातल्या ज्या ज्या पोरानं भुरी वाचली त्यानं शेवट आपल्या मनानंच केला. माझा शेवट असा होता. माझ्या मैत्रिणीच्या शेवटात भुरी सगळं तळं पिऊन टाकायची आणि पोलीस पाटलावर गुळणी करायची. आम्ही त्यावरून भांडायचो.

"म्हणजे आपण मान्यता दिली ती नसलेल्या पुस्तकाला," वकील म्हणाले. आता त्यांचा आवाज कोर्टातला झाला. "नियम पाहा. अपूर्ण प्रत वाचनालयात ठेवू नये. सर, हा नियम आपणच केलेला आहे. अपूर्ण प्रतीला मान्यता देता येत नाही. मान्यता रद्द, आणि ही प्रत कपाटासकट उद्या रद्दीत. ठराव मांडा."

बरोबर होतं त्यांचं. कमलताई माझ्याकडं बघत होत्या, मी सरांकडं. सरांनी नियमाबाहेर जाऊन आजवर स्वतःच्या मुलाचाही दंड माफ केला नव्हता. आठवडाभर केलेला माझा सगळा खटाटोप एका पानापाशी येऊन बसला होता. मला आता खरंच रडू यायला लागलं.

"आणा इकडं," सर म्हणाले.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. शेवटचं पान उघडलं. आतल्या शिलाईपाशी फाटलेल्या कागदाची बारीक कडा होती, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पुस्तक मिटलं.

"प्रत पूर्ण आहे," सर म्हणाले.

"सर, फाटल्याची कडा दिसून राहिली आहे."

"बांधणीत जादा कागद राहतो."

"अहो, पण गोष्ट अर्धवट आहे."

"भुरी पाण्यात आहे. गणबा काठावर आहे. यात अर्धवट काय आहे?" सरांनी वकिलांकडं अशी नजर टाकली की मला शाळेतला व्हरांडा आठवला. "शिक्का आणा, रजनीबाई."

मी शिक्का आणला. सरांनी तो स्वतः मारला, जरा जोरातच मारला.

"आणि बाकीचं कपाट?" वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला.

"ह्या कपाटातलं एक पुस्तक मंडळ न वाचता रद्दीत घालणार होतं," सर म्हणाले. "ते मंडळमान्य निघालं. बाकीची कशावरून नाही? मंडळ आधी वाचेल. मग ठरवेल. दर महिन्याला प्रत्येकी एक." त्यांनी कपाटातून हाताला आलेलं पहिलं पुस्तक काढून वकिलांपुढं ठेवलं. ते एका सशाचं होतं. "पान दुमडू नका."

ते वाचन कधी संपलंच नाही. कपाटात भर पडत गेली, मंडळ मागं पडत गेलं. वकिलांनी सशाबद्दल पुढच्या महिन्यात तास खाल्ला आणि ससा निर्दोष असल्याचं सिद्ध केलं. गोल टेबल कधीच आलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मंडळ उठल्यावर मी आणि सर एकाच वाटेनं निघालो. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या अलीकडं. पेट्यांच्या वखारीपाशी आल्यावर मला राहवलं नाही.

"सर, ते पान फाटलेलंच आहे. तुम्हाला दिसलं होतं."

"मला दिसायची काय गरज आहे?" सर म्हणाले. मंडळाबाहेर ते मला अरेतुरे करायचे. "मीच फाडलं ते. तू वाचलंस तेव्हा होतीस तेवढाच होतो, तिसरीत."

मी थांबलेच. सर चालत राहिले, म्हणून मलाही चालावं लागलं.

"शेवटी काय होतं त्या पानावर?"

"भुरी बाहेर येते. हाकेला ओ देऊन येते बिचारी. आणि पुढच्या बाजारात गणबा तिला खाटकाला विकतो. खाली ठळक अक्षरात तात्पर्य होतं. हट्टी जनावराची अशीच गत होते, मुलांनो." सरांनी 'मुलांनो' हा शब्द थुंकल्यासारखा टाकला. "मी म्हटलं, हे दुसऱ्या कुणी वाचायचं नाही."

"मग पान कुठं टाकलं?"

"खाल्लं."

"खाल्लं?"

"ग्रंथपाल दारातच बसलेले असायचे. खिसे चाचपायचे. मग काय करणार? चावून चावून गिळलं. तात्पर्य जरा घशात अडकलं."

मला हसू आवरेना. ज्या माणसानं पान दुमडलं म्हणून आख्ख्या गावाकडून दंड वसूल केला, तो पान खाऊन मोकळा झाला होता. सरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही, पण चाल मात्र एकदम हलकी झाली होती.

"म्हणून कपाट काढायचं होतं का तुम्हाला?" मी विचारलं. "कुणाला कळेल म्हणून?"

"जागेचा प्रश्न होता," सर म्हणाले. "उगाच अर्थ काढत बसू नकोस. तेवढ्यासाठी काळमेघ आहेत."

त्यांचं घर आलं. त्यांनी फाटकाची कडी काढली. मी म्हटलं, "सर, सगळ्यांचे वेगवेगळे शेवट आहेत. तुमचा काय होता?"

मला वाटलं आता रागावतील. त्यांनी कडी पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"माझ्यात ती रात्री पाण्यातून उठते," सर म्हणाले, "आणि गणबाकडं न जाता आमच्या घरी येते. आमची म्हैस वडिलांनी त्याच महिन्यात विकली होती. गोठा रिकामाच होता. मी दार उघडं ठेवून झोपायचो."

मी फाटक ढकलून त्यांना वाट करून दिली.

सर आत गेले, फाटक लावून घेतलं, आणि मग फाटकाआडून त्यांचा नेहमीचा आवाज आला. "हे मंडळात बोलायचं नाही."

"नाही सर," मी म्हटलं. आणि मंडळात मी ते कधीच बोलले नाही.